आधी वाचायची, मग फॉरमॅट मारायची: जुनी हार्ड डिस्क नव्या डेस्कटॉपला जोडताना

आमचा जुना डेस्कटॉप मदरबोर्ड गेल्यामुळे बंद पडला. त्यातली हार्ड डिस्क तोपर्यंत ठणठणीत चालत होती, म्हणून ती काढून अँटिस्टॅटिक पिशवीत घालून ठेवली होती. ५०० जीबीची, साडेतीन इंची, साटा (डिस्क मदरबोर्डला जोडायची पद्धत), ७२०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), लेबलवर उत्पादनाचं साल २०११. नवा डेस्कटॉप घेतला तो एम.टू एसएसडीचा, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, थेट बोर्डवर बसणाऱ्या चिपच्या डिस्कचा. सुरू झटकन होतो, पण जागा बेताची. कॅबिनेटमध्ये मात्र साडेतीन इंची डिस्कचे कप्पे रिकामेच होते. तेव्हा जुनी डिस्क आत बसवायची असं ठरलं.

हेतू दोन होते. डिस्कवर घरचे फोटो, बाबांनी स्कॅन करून ठेवलेले कागद आणि बरेच जुने व्हिडिओ होते, ते नव्या मशीनवर आणायचे होते. आणि ते झालं की तीच डिस्क साफ करून जादा साठवणीसाठी वापरायची होती. हे दोन्ही हेतू एकमेकांच्या आड येतात हे आधी लक्षात घ्यायला हवं. पहिल्या कामासाठी त्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाता कामा नये, आणि दुसऱ्या कामात सगळीच्या सगळी पुसायची असते. विंडोजला यातलं काही माहीत नसतं. जोडल्यापासून ते एकेक खिडकी पुढे करतं आणि त्यातल्या बऱ्याच खिडक्यांवर ‘ओके’ म्हणणं म्हणजे डिस्कवर लिहायला परवानगी देणं असतं. माझा धाकटा भाऊ शेजारीच उभा होता. “ताई, लाव आणि फॉरमॅट मार, दहा मिनिटांचं काम आहे,” असं त्याचं म्हणणं. स्क्रू आणि केबलचं काम दहा मिनिटांचं आहे, हे खरं. बाकीचं कसं केलं ते सविस्तर लिहिते, कारण जुनी डिस्क पडून आहे अशी घरं पुष्कळ आहेत.

कॅबिनेट उघडण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल काढलं. बोर्डवर साटाचे पोर्ट मोकळे दिसतात म्हणून ते चालू असतीलच असं नाही. अनेक बोर्डांवर एम.टू स्लॉट आणि साटा पोर्ट एकाच वाटेवर असतात. अमुक स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की तमुक पोर्ट आपोआप बंद होतो. ही गोष्ट मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरातल्या तळटिपेत असते. माझ्या बोर्डावर शेवटचे दोन पोर्ट असे अवलंबून होते, म्हणून पहिल्यांदाच दुसरा पोर्ट धरला. डिस्क दिसत नाही म्हणून केबल बदलत बसणाऱ्यांनी आधी ती तळटीप वाचावी.

डेटा केबल मदरबोर्डच्या खोक्यात होतीच. पॉवरसाठी एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) निघालेल्या वायरींना साटाचे चपटे कनेक्टर होते, त्यामुळे वेगळं काही लागलं नाही. इथे दोन गोष्टी ठासून सांगायच्या आहेत. एक, तुमचा एसएमपीएस मॉड्युलर असेल, म्हणजे वायरी सुट्या लावायच्या असतील, तर फक्त त्याच्याच वायरी वापरा. डिस्ककडच्या टोकाचा कनेक्टर सगळीकडे सारखा असतो, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणती पिन कशाची हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. दुसऱ्या एसएमपीएसची वायर खटकन बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. डिस्कचं सर्किट त्याच क्षणी जळतं. दोन, जुन्या चार पिनी मोलेक्सवरून साटा करणारं कनव्हर्टर वापरायची वेळ आलीच तर ज्याचा साटा कनेक्टर अखंड प्लॅस्टिक ओतून बनवलेला आहे ते घेऊ नका. त्यात आतल्या तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं खूप आहेत. ज्यात प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते ते बरं.

डिस्क पिशवीतून काढली आणि काही करण्याआधी नीट पाहून घेतली. वरच्या बाजूला लेबल, त्यावर मॉडेल क्रमांक, क्षमता, ५ आणि १२ व्होल्टला लागणारा करंट. मॉडेल क्रमांकाचा फोटो काढून ठेवला. पुढे दोन डिस्कमधली नेमकी कोणती पुसायची हे ठरवताना तो उपयोगी पडतो. लेबलच्या कडेला एक बारीक भोक आणि त्याभोवती ‘हे झाकू नका’ अशी सूचना. साध्या हार्ड डिस्कमध्ये आत हवा असते. तबकडी फिरायला लागली की त्या हवेवर हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, तरंगतं, पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर वर. बाहेरचा आणि आतला दाब सारखा राहावा म्हणून ते भोक, आणि धूळ जाऊ नये म्हणून त्यामागे फिल्टर. त्यामुळे त्यावर चिकटपट्टी किंवा नावाचं स्टिकर लावायचं नाही. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क पूर्ण बंद असतात, त्यांची गोष्ट वेगळी. डिस्क थंड जागेत पडून असेल तर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायला हवं, नाहीतर आत बाष्प धरतं.

मशीन बंद केलं, एसएमपीएसचं मागचं बटण बंद केलं, वायर काढली, आणि समोरचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जातो. कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला हात लावला. मग डिस्क कप्प्यात सरकवली. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, अडीच इंचीचे बारीक आट्यांचे. एकाचा स्क्रू दुसऱ्यात थोडा फिरतो आणि मग अडकतो. तिथे जोर लावला की आटे जातात. चारही स्क्रू आधी सैल बसवले, मग आळीपाळीने घट्ट केले. डिस्क आडवी असो की उभी, चालते. तिरकी किंवा लटकती मात्र ठेवू नये.

साटाचे दोन्ही कनेक्टर इंग्रजी एल आकाराचे असतात, म्हणून उलटे बसत नाहीत. पण डिस्कवरची ती एल आकाराची जीभ पातळ प्लॅस्टिकची असते आणि वर्षानुवर्षं उन्हातान्हात, गरम-गार होऊन ती ठिसूळ झालेली असते. माझ्या डिस्कच्या डेटा कनेक्टरची जीभ टोकाला पांढुरकी पडली होती. केबल वरखाली न हलवता अगदी सरळ रेषेत आत ढकलली. काढतानाही तसंच सरळ. ही जीभ तुटली की त्यावरचे सोनेरी पट्टे लोंबायला लागतात आणि चांगली डिस्क हातची जाते.

ज्यांच्याकडे याहून जुनी, आयडीई डिस्क आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: ती ४० पिनांच्या रुंद पट्टीच्या केबलवर चालते आणि आजच्या बोर्डवर तिच्यासाठी जागाच नसते. इंटेलने २००६ मधल्या आयसीएच८ पासूनच आपल्या चिपसेटमधून आयडीई वगळलं. अशा डिस्कसाठी यूएसबी कनव्हर्टर मिळतो. त्याच्यासोबत वेगळा पॉवर अ‍ॅडॉप्टर हवाच, कारण साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात आणि साध्या यूएसबी पोर्टमधून ५ च मिळतात. डिस्कच्या मागच्या जंपरची (पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोपीची) जागा ‘मास्टर’वर ठेवली की बहुधा दिसते. नुसता डेटा काढायचा असेल तर साटा डिस्कलाही असा कनव्हर्टर चालतो, कॅबिनेट उघडायलाच नको. मला ती कायमची आत हवी होती, आणि थेट साटावर जोडली की डिस्कची तब्येत सांगणारी माहिती विनाअडथळा मिळते, ती स्वस्तातल्या कनव्हर्टरमधून कधी कधी येत नाही.

झाकण उघडं ठेवूनच मशीन सुरू केलं आणि कान दिला. निरोगी डिस्कचा आवाज ठरलेला असतो: मोटर हळूहळू वेग घेते तसा चढत जाणारा ‘घूँऽऽ’, मग हेड जागेवर येताना दोन-तीन बारीक टकटक, मग एकसुरी गुणगुण. माझ्या डिस्कने तेच केलं. सुरू झाल्यावर ठरावीक अंतराने ‘टक… टक… टक…’ येत राहिलं, किंवा मोटर वेग घेते आणि पुन्हा बंद पडते असं झालं, तर लगेच मशीन बंद करायचं. तेव्हा बहुधा हेड किंवा तबकडी बिघडलेली असते आणि फिरत राहिलेला प्रत्येक मिनिट नुकसान वाढवतो. डेटा मोलाचा असेल तर ती तशीच डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्यावी. घरी झाकण उघडून तर कधीच बघू नये. नॅनोमीटरचा हिशेब आहे तिथे धुळीचा एक कणही डोंगराएवढा.

पहिल्या वेळी थेट विंडोजमध्ये गेले नाही, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, गेले. तिथे डिस्कचं मॉडेल दिसलं. दिसलं म्हणजे केबल, पोर्ट, पॉवर सगळं ठीक. जुन्या डिस्कवर जुनं विंडोज ७ अजून होतं, म्हणून बूटचा क्रम तपासला आणि एसएसडीवरचा ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला आहे याची खात्री केली. बोर्ड निव्वळ युईएफआयवर, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीवर, चालत असेल तर जुन्या पद्धतीची एमबीआर डिस्क (एमबीआर ही डिस्कचे विभाग नोंदवायची जुनी रीत) तो बूट करत नाही, पण सीएसएम (जुनी पद्धत चालू देणारा पर्याय) चालू असेल तर जुनं विंडोज नव्या हार्डवेअरवर उठायचा प्रयत्न करतं. साटाचा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते, आहे तसाच ठेवायचा. तो एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट केला तर डिस्क राहिली बाजूला, एसएसडीवरचं विंडोजही बूट व्हायचं थांबू शकतं. हॉट प्लगचा पर्यायही पोर्टला असतो. मी त्याला हात लावला नाही, कारण चालू मशीनमध्ये डिस्क काढघाल करायचीच नव्हती.

आणि मग विंडोज सुरू होताना ती काळी स्क्रीन आली: एक डिस्क तपासायची आहे, तपासणी टाळायची असेल तर कुठलीही की दाबा, आणि खाली उतरत जाणारे सेकंद. हे येणार अशी माझी अटकळ होती. जुना डेस्कटॉप चालू असतानाच गेला होता, म्हणजे त्या विंडोजला डिस्क नीट बंद करायची संधी मिळाली नव्हती आणि पार्टिशनवर (डिस्कच्या विभागावर) ‘अर्धवट’ अशी खूण राहिली होती. भाऊ म्हणाला, “तपासू दे ना, चांगलंच आहे.” मी की दाबून तपासणी टाळली. ही तपासणी करणारं विंडोजचं चेकडिस्क नुसतं तपासत नाही, दुरुस्त करतं. दुरुस्ती म्हणजे लिहिणं. फाइलींच्या नोंदी जुळत नसतील तर ते त्या कापून टाकतं, तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये नेऊन टाकतं. त्याचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं हे आहे. तुमचा फोटो वाचवणं हे नाही. आणि डिस्कवर खराब सेक्टर (डेटा ठेवायचे बारीक तुकडे) असतील तर तासन् तास त्यावर हेड घासत बसतं. कॉपी हाताशी आल्यावर चेकडिस्क खुशाल चालवावं, आधी नाही.

अशाच आणखी दोन खिडक्या ओळखून ठेवा. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर ‘इनिशियलाइज डिस्क’ विचारलं आणि तुम्हाला माहीत आहे की डिस्कवर डेटा आहे, तर कॅन्सल. आणि फाइल एक्सप्लोररमध्ये ‘वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी’ असं आलं, तरी कॅन्सल. दोन्हींचा अर्थ विंडोजला पार्टिशनचा तक्ता किंवा फाइल सिस्टिम ओळखता आली नाही इतकाच असतो. डेटा जागेवर असू शकतो आणि टेस्टडिस्कसारख्या मोफत प्रोग्रॅमने तो पुष्कळदा सापडतो. माझ्याकडे या खिडक्या आल्या नाहीत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तीन पार्टिशन दिसली: विंडोज ७ करतं ते १०० एमबीचं ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’, जुना सी, आणि जुना डी. एकूण ४६५ जीबी. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून ५०० चे ४६५ दिसतात; काही हरवलेलं नसतं. जुन्या डी ला अक्षर मिळालं नव्हतं, ते राइट क्लिक करून दिलं. अक्षर देण्याने डिस्कवरच्या फाइलींना धक्का लागत नाही.

कॉपी सुरू करण्याआधी डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहिली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात वर निळ्या ‘गुड’ऐवजी पिवळं ‘कॉशन’ आलं. घाबरून न जाता खालचा तक्ता वाचायचा. कच्चे आकडे त्यात सोळाच्या पायात दिसतात, मेनूतून दशमान करून घ्यावेत. माझ्या दृष्टीने चारच ओळी महत्त्वाच्या. ‘रीअलोकेटेड सेक्टर’ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर, माझे ०. ‘करंट पेंडिंग’ म्हणजे वाचताना अडलेले, पण अजून निकाल न लागलेले सेक्टर; माझे ८. पिवळा रंग यामुळेच होता. ‘अनकरेक्टेबल’ ०. आणि ‘यूडीएमए सीआरसी एरर’, जो डिस्कचा नसून बहुधा केबलचा दोष सांगतो. तो आकडा कधी कमी होत नाही, वाढतोय का एवढंच बघायचं. वाढत असेल तर केबल बदलायची. चालू राहिलेले तास २१ हजारांच्या आसपास, म्हणजे सलग धरले तर जवळपास अडीच वर्षं.

८ हा आकडा बोलका आहे. २०११ च्या सुमारास बऱ्याच डिस्क ‘अ‍ॅडव्हान्स्ड फॉरमॅट’च्या झाल्या. त्यांचा आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, पण बाहेर त्या ५१२ बाइटचे आठ असल्याचं सांगतात. म्हणजे ८ पेंडिंग हा बहुतेक एकच खराब ठिपका. डिस्क मरायला टेकलेली नाही, पण कुठल्यातरी एका फाइलवर अडखळणार हे आधीच कळलं, आणि कॉपी कशी करायची ते त्यावर ठरलं.

एक्सप्लोररमधून सगळं निवडून ओढायचं नाही, हे पहिलं. अडलेल्या फाइलवर तो थिजतो, मग सगळं रद्द होतं आणि काय आलं, काय राहिलं याचा पत्ता लागत नाही. विंडोजमध्येच रोबोकॉपी आहे, कमांड लाइनवरून चालतं आणि नोंद ठेवतं. मात्र त्याची मुळातली सेटिंग जुन्या डिस्कसाठी घातक आहे. फाइल वाचता आली नाही तर ते १० लाख वेळा पुन्हा प्रयत्न करतं, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. म्हणून पुन्हा प्रयत्नांचा आकडा १ आणि थांबण्याचा १ सेकंद असा स्वतः द्यावा लागतो. अडलेली फाइल सोडून पुढे जातं आणि नोंदीत तिचं नाव लिहितं. शिवाय जंक्शन वगळायला सांगावं लागतं. विंडोज ७ च्या युजर फोल्डरमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन डेटा’ नावाचे दुवे स्वतःकडेच परत वळतात आणि कॉपी त्यात गोल गोल फिरत राहते.

जुन्या सी वरच्या माझ्या फोल्डरवर क्लिक केलं तेव्हा परवानगी नाही, ‘कंटिन्यू’ दाबा असं आलं. जुन्या विंडोजमधलं माझं खातं आणि नव्यातलं खातं एकाच नावाचं असलं तरी विंडोजच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. ‘कंटिन्यू’ दाबलं की ते आतल्या प्रत्येक फाइलच्या परवानग्या बदलत जातं. हजारो फाइलींवर लिहिणं आलं. त्याऐवजी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला आणि रोबोकॉपीला बॅकअप मोड दिला. त्यात परवानग्या न बदलता फाइल वाचता येते. पासवर्डने एन्क्रिप्ट केलेल्या फाइलींना हा उपाय लागू नाही. बिटलॉकर (विंडोजचं अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप) असेल तर रिकव्हरी की हवीच.

क्रम किमतीप्रमाणे लावला. आधी स्कॅन केलेले कागद आणि फोटो, मग कामाच्या फाइली, मग व्हिडिओ, शेवटी गाणी. डिस्क मध्येच गेली तर जे पुन्हा मिळणार नाही ते आधी सुटलेलं असावं. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळ्यांना आठवतात. विसरली जाते ती लपवलेली ‘अ‍ॅपडेटा’. ईमेल प्रोग्रॅमची पत्रं, ब्राउझरचे बुकमार्क, काही प्रोग्रॅमचे टेम्प्लेट तिथेच असतात. लपवलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करून ती पाहिली आणि बाबांच्या ईमेलची जुनी फाइल अख्खी मिळाली. जुने प्रोग्रॅम मात्र उचलून आणण्यात अर्थ नाही. ‘प्रोग्रॅम फाइल्स’चं फोल्डर आलं तरी त्यांच्या नोंदी जुन्या विंडोजच्या रजिस्ट्रीत राहतात.

वेग एकसारखा नव्हता आणि तसा असणारही नाही. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त डेटा बसतो, आतल्या बाजूला कमी, त्यामुळे शेवटाकडचा वेग सुरुवातीच्या जवळपास निम्मा होतो. मोठे व्हिडिओ धावत गेले. हजारो बारीक फाइलींचं ईमेलचं फोल्डर रांगत गेलं, कारण प्रत्येक फाइलसाठी हेडला जागा बदलावी लागते. तापमान मी पाहत होते. चाळिशीच्या आत राहिलं, कारण समोरचा पंखा नेमका त्या कप्प्यावर येतो. कप्पा निवडताना ते बघितलं होतं.

नोंदीत शेवटी एकच फाइल अडलेली निघाली, एका समारंभाचा व्हिडिओ. ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ची चूक, म्हणजे सेक्टर वाचला गेला पण त्याची पडताळणी जुळली नाही. ही फाइल मुद्दाम शेवटी ठेवली. बाकी सगळं सुरक्षित झाल्यावर पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने मशीन सुरू केलं, पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं जोडलं आणि त्या एका फाइलवर डीडीरेस्क्यू चालवलं. त्याची रीत मला फार आवडते. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलेल्या जागा एका नकाशात लिहून ठेवतं, आणि मग फक्त त्या जागांवर हळूहळू परत येतं. नेहमीची कॉपी पहिल्या अडथळ्यालाच हात टेकते, हे अडथळ्याला वळसा घालून पलीकडचं आणतं. शेवटी ४०९६ बाइट नाहीच मिळाले. तेवढी जागा रिकामी ठेवून बाकीचा व्हिडिओ पूर्ण आला. पाहिला तर मध्येच क्षणभर हिरवे-जांभळे चौकोन येतात, आवाज तुटत नाही, आणि पुढे सगळं नीट. आजी बोलतेय तो भाग त्याच्या आधीच संपतो.

कॉपी झाली यावर नुसता विश्वास ठेवला नाही. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहिला, प्रत्येक फोल्डरमधल्या काही फाइली प्रत्यक्ष उघडल्या, आणि सगळ्याची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. त्यानंतरच भावाला म्हटलं, “आता मार फॉरमॅट.”

इथेही एक धोका आहे. विंडोजमध्ये ‘डिस्क ०’ म्हणजे एसएसडीच असेल असं नाही. नवीन डिस्क जोडली की क्रमांक बदलू शकतात; माझ्याकडे जुनी डिस्कच ० झाली होती आणि एसएसडी १. म्हणून क्रमांकावर न जाता आकार आणि मॉडेल बघायचं, आधी काढलेल्या लेबलच्या फोटोशी जुळवायचं. कमांड लाइनवरच्या डिस्कपार्टमधली ‘क्लीन’ कमांड काही न विचारता पुसते, त्यामुळे शक्य तिथे डिस्क मॅनेजमेंटमध्येच काम करावं, तिथे निदान डिस्क डोळ्यांसमोर दिसते. तिन्ही पार्टिशन काढली, डिस्क जीपीटी (पार्टिशन नोंदवायची नवी रीत) केली. दोन टीबीच्या आतल्या डिस्कला एमबीआरही चालतं, पण जीपीटी पार्टिशनच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतं, म्हणून मला तेच बरं वाटतं.

‘क्विक फॉरमॅट’वरची खूण काढली. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितं. वेळ लागतो, पण त्यातूनच त्या ८ सेक्टरांचा निकाल लागतो. पेंडिंग सेक्टरचा निर्णय डिस्क वाचताना करत नाही, कारण आतला डेटा अजून हवा असेल अशी शक्यता असते. त्यावर नवं काही लिहायला सांगितलं की मग ती बघते: नीट लिहिलं गेलं तर सेक्टर पुन्हा वापरात, नाही तर राखीव जागेतला सेक्टर त्याच्या जागी. फॉरमॅट संपल्यावर स्मार्ट पुन्हा पाहिलं. पेंडिंग ०, रीअलोकेटेडही ०. म्हणजे तबकडी तिथे खराब नव्हती, मशीन अचानक गेलं तेव्हाचं लिहिणं अर्धवट राहिलं असण्याचीच शक्यता जास्त. पिवळ्याचं निळं झालं.

निळं झालं तरी ही डिस्क मी कुठल्याही गोष्टीची एकमेव जागा म्हणून वापरत नाही. एसएसडीवरच्या कामाच्या फाइलींची रोजची प्रत तिच्यावर जाते, आणि ज्या गोष्टी पुन्हा मिळू शकतात त्या थेट तिच्यावर असतात. विंडोज वीस मिनिटं वापर नसला की डिस्क थांबवतं. मग फोल्डर उघडताना काही सेकंद सगळं अडल्यासारखं वाटतं, मोटर वेग घेत असते. ते बिघाडाचं लक्षण नाही. सुरुवातीला कॅबिनेटमधून बारीक थरथर येत होती, स्क्रूंच्या खाली रबरी वॉशर घातल्यावर गेली.

अजून एक सांगायचं राहिलं. पुढे कधी एसएसडीवर विंडोज नव्याने टाकायची वेळ आली तर या डिस्कची केबल आधी काढून ठेवायची. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की इन्स्टॉलर कधी कधी बूटच्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर टाकतो. सगळं व्यवस्थित चालतं, आणि मग एके दिवशी जुनी डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही. मी मॅन्युअलच्या आतल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय: साटा २, जुनी ५००, विंडोज टाकताना काढणे.